उताराची फरशी

त्या दुकानाची फरशी आता सरळ केली आहे.

परवा शुक्रवार पेठेत काम होतं, तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून गेले. जिथं शमीमआपांचा फोटो स्टुडिओ होता तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. मी मोबाईल काच बसवायला दिला आणि दुकानदार पाठमोरा झाला तसं पर्समधलं पेन काढून खाली सोडलं. पेन पडलं आणि पडलं तिथंच राहिलं. मी बघत उभी.

"मॅडम, पेन पडलं तुमचं."

"माहितीय," मी म्हणाले.

त्याला काय सांगणार? आपांच्या वेळी ते पेन गडगडत गेलं असतं आणि आतल्या मोरीच्या जाळीपाशी जाऊन थांबलं असतं. मग आपा काउंटरवरून म्हणाल्या असत्या, "गेलं की म्हायेराला."

आपा आता नाहीत. शेवटची वर्षं त्या गुलबर्ग्याला लेकीकडे होत्या, तिथंच गेल्या. मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. कुणाच्या जाण्यावर लिहिण्याइतकी मी लेखक नाही. पण ड्रोन उडवून पोट भरणारी बाई आहे, आणि अजूनही अपडेट झाला आणि स्क्रीनवर ती पिवळी पट्टी आली की माझा हात आधी खिशाकडे जातो. हे कुणामुळे, ते कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी त्या फरशीचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. स्टुडिओ आपांच्या सासऱ्यांचा. रोलच्या जमान्यात फोटो पाण्यानं धुवायचे, त्यामुळे सगळ्या दुकानाची शहाबादी फरशी मोरीकडे उतार देऊन बसवलेली. रोल गेले, पाणी गेलं, उतार राहिला. दुकानातल्या प्रत्येक टेबलाच्या, स्टुलाच्या दोन पायांखाली लाकडाच्या चिपा. नवीन गिऱ्हाईक आत आलं की एक पाय जरा जोरात पडायचा, आणि त्यावरून आपा ओळखायच्या की हा पहिल्यांदा आलाय.

दुकानात बसायचे रफिकभाई, आपांचे मालक. पासपोर्ट फोटो काढणं हे त्यांचं काम. दिवसभरात त्यांची वाक्यं दोनच. आधी, "हनुवटी खाली." आणि फोटो झाल्यावर, "झालं. आता हललात तरी चालेल." बाकीचं सगळं बोलणं त्यांनी आपांवर सोपवलेलं.

आपांनी ते काम अंगावर घेतलेलं. पंजाबी ड्रेसवर त्या नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालायच्या, बाह्या दुमडून, दोन्ही छातीच्या खिशांना बटनं. लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो काढायला म्हणून त्या तरुणपणी कॅमेरा धरायला शिकल्या, मग व्हिडिओ, मग ड्रोन. मी त्यांना भेटले तेव्हा शहरातल्या निम्म्या लग्नवाल्या फोटोग्राफरांची ड्रोनं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायची. जिभेला हाड नव्हतं. वरातीत नाचणाऱ्या वरबापाला, "पोट आत घ्या, वरनं सगळं दिसतंय," असं माईकवर सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

माझं गाव सांगोल्याकडचं. घरात मेंढरं. कॉलेजची पायरी चढलेली आमच्यात पहिली मीच, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. जमिनी मोजणाऱ्या एका कंपनीत मला ड्रोन उडवायची नोकरी लागली. एकदा अपडेट घेतला आणि मशीन उडेना. वरच्यांनी सांगितलं, शमीमआपांकडे जा.

"अपडेट कुटं केलास?" आपांनी विचारलं.

"ऑफिसात. टेबलावर."

"टेबल कशाचं?"

"लोखंडी."

"शाब्बास. शिकलीस किती?"

"बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट."

"बरं. तर ग्रॅज्युएटबाई, हात काढ बटनावरचा आणि आधी पाती काढ."

मी ड्रोनच्या पंख्यांची पाती काढली आणि टेबलावर ठेवली. आपांनी ती उचलून माझ्या हातात परत दिली.

"खिशात. टेबलावर न्हाय, डब्यात न्हाय, खिशात. पाती आपल्या खिशात असली म्हंजे मशीन कितीबी येडं झालं तरी कुनाचं बोट कापत न्हाय."

"मला खिसा नाहीये, आपा."

"नसतोच. बायकांकडं ठेवायला काय असनार, असं शिंप्याला वाटतं." त्यांनी खुंटीवरचा दुसरा एक शर्ट माझ्याकडे फेकला. "घाल. रफिकभाईंचा हाय, चावत न्हाय."

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रोनच्या पोटात काही सेन्सर असतात. सपाट म्हणजे काय, उत्तर दिशा कुठं, हे ते सेन्सर मशीनला सांगतात. अपडेट आला की कधी कधी हे सगळं नव्यानं शिकवावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. सपाट जागेवर ठेवून स्क्रीन दाखवेल तसं या कुशीवर, त्या कुशीवर करायचं. मग लोखंडापासून लांब, मोकळ्या जागी नेऊन दोन्ही हातांत धरून गोल फिरवायचं. काम पाच-दहा मिनिटांचं. पण सपाट म्हणून आपण त्याला उतार दाखवला, तर मशीन उतारालाच सपाट समजतं आणि तसंच उडतं.

आपा म्हणायच्या, "माणसाला खोटं सांगितलं तर एकदा तरी विचारतो, खरं का म्हणून. मशीन विचारत न्हाय. मानतं. म्हणून त्याला खोटं सांगू नये."

सपाट जागेचं काम त्या रफिकभाईंच्या टेबलावर करायच्या, गवंड्याची लेव्हलपट्टी ठेवून, बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत चिपा सरकवत. आणि दिशेचं काम करायला स्कूटरवर बसवून तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या तलावाच्या अलीकडे एका माळावर न्यायच्या. त्या दिवशी मलाही नेलं. माळावर उतरल्यावर म्हणाल्या, "काढ सगळं."

घड्याळ, मोबाईल, किल्ल्या मी स्कूटरपाशी ठेवल्या. आपा थांबल्याच.

"बांगड्या?"

"काचेच्या आहेत, आपा. काचेनं काही होत नाही."

"कानातलं?"

"सोनं आहे. सोन्यानंही होत नाही."

"तू फिजिक्स सांगतीस, मी माझं भ्याव सांगती. काढ."

मी काढलं. मग आपांनी ड्रोन दोन्ही हातांत आडवा धरला आणि जागच्या जागी गोल फिरल्या, पायांनी भुई चाचपत, सावकाश. मग त्याचं तोंड खाली करून परत तसाच एक फेरा. तिथं एक मेंढरांचा वाडा उतरलेला होता, आमच्याच बाजूचा. त्यातली एक बाई कडेवर तान्हं घेऊन जवळ आली. कोंडाबाई तिचं नाव, ते पुढं कळलं. ती मन लावून सगळं बघत होती. आपांचं झाल्यावर म्हणाली, "भाबी, चांगली काडता की वो दिष्ट. ह्याचीबी काडा की. रातच्याला लई रडतंय."

आपांनी लेकराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अपडेट आलंय का त्याला?"

"काय आलंय?"

"दात गं, दात."

"व्हय, खालचं दोन आल्यात."

"मग बरोबर हाय. दे हिकडं." आणि आपांनी ते लेकरू दोन्ही हातांत आडवं धरून तसाच एक फेरा घेतला, अगदी ड्रोन फिरवावा तसा. लेकरू खिदळलं. "हे आडवं झालं. तोंड खाली करून राहू दे, दूध काढंल." तेव्हापासून ती कोंडाबाई आणि तिची थोरली पोरगी राणी आमच्या ओळखीच्या झाल्या. माळावर गेलं की राणी मेंढरं सोडून आमच्याकडे पळत यायची.

मी आपांकडे जाऊ लागले. कामानं, मग बिनकामाचंही. माझी बोली त्यांनी पहिल्या आठवड्यात पकडली. "ग्रॅज्युएट झाली म्हणून 'नाही नाही' करतीस व्हय? दचकलीस की 'न्हाय' येतं तोंडात. मी ऐकलंय."

एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होते. वरात दारात येऊन थांबलेली आणि त्यांच्या मशीनला तिथंच अपडेट आलेला, घेतल्याशिवाय पुढं जाऊ देईना. अपडेट झाला. नवऱ्या मुलाचा मामा ओरडायला लागला, उडवा, उडवा. आपांनी पाती काढून खिशात टाकली, खिशाचं बटन लावलं आणि खुर्चीवर बसल्या.

"अपडेटनंतर पहिलं उडान माणसांवर न्हाय. ही माझी रीत हाय."

"अहो बाई, पैसे कशाचे घेता?"

"तुमचं टाळकं शाबूत ठेवायचे. मामा, हे खाली आलं तर फुलं पडल्यासारखं पडत न्हाय."

मामानं बरंच काही ऐकवलं. धर्म काढला, बाई असणं काढलं. आपा मांडीवर मशीन घेऊन बसून राहिल्या. शेवटी वरात वरून न टिपता, जिन्यावर उभं राहून साध्या कॅमेऱ्यानं टिपली. परत येताना मी चिडले होते. आपा म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? त्याच्या भाच्याचं लगीन एकदाच हाय. माझी रीत रोज हाय."

अशी बाई. म्हणून त्या एका ड्रोनचं मला जास्तच कोडं पडलं.

दुकानाच्या कपाटात वरच्या फळीवर, हिरव्या मखमलीच्या तुकड्यावर तो असायचा. जुना, एका कोपऱ्याला पोपडा गेलेला. तो भाड्यानं जायचा नाही, लग्नाला जायचा नाही. शुक्रवारी दुपारी दुकान जरा शांत झालं की आपा तो पिशवीत घालून माळावर जायच्या. माझं काम त्या बाजूला असलं की मी बरोबर जायचे. बाकी कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी देवघरात शिरल्यासारखं करणारी ही बाई, हा ड्रोन मात्र नुसती पाती लावून सोडायची.

पहिल्यांदा मी त्यांच्या खांद्यावरून स्क्रीन बघितली तेव्हा चमकले. तलाव तिरका होता. एका बाजूला पाणी सांडेल की काय असं वाटत होतं. आणि ड्रोन हवेत उभा केला तरी उभा राहत नव्हता. वारा नसतानाही डावीकडे सरकत होता. भरभर नाही, कुणी बोट धरून हळूच ओढावं तसा. आपा उजव्या अंगठ्यानं त्याला सारख्या परत आणत होत्या. तो परत जात होता.

मी तोंडावर बोलणारी. म्हणाले, "आपा, हा कललाय. कुणीतरी उतारावर कॅलिब्रेट केलाय."

आपा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "हूं."

"टेबलावर ठेवून लगेच करून टाकू."

"राहू दे. त्याची सवय हाय ती."

त्यानंतर परतेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. आपा गप्प, हे मी प्रथमच पाहत होते.

पुढं काही दिवसांनी आपा गिऱ्हाईकाकडे गेल्या होत्या आणि मी दुकानात त्यांची वाट बघत होते. रफिकभाईंनी चहा मागवला. माझ्या हातातलं बाटलीचं झाकण पडलं आणि मोरीकडे गडगडत गेलं. रफिकभाई त्याच्याकडे बघत राहिले आणि बोलायला लागले. त्यांचा इतका आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

त्यांचा मुलगा इम्रान. घरात ड्रोन आणला त्यानं, आईला शिकवला त्यानं. एका सकाळी अपडेट आला. इम्राननं पाती काढली, शर्टच्या खिशात टाकली आणि घाईघाईत तिथंच, काउंटरपुढं फरशीवर मशीन ठेवून कॅलिब्रेट करायला बसला. आपा काउंटरवरून ओरडल्या, "डोळे हायत की बटनं? फरशी उताराची हाय की!" तो म्हणाला, "आत्ता तात्पुरतं, अम्मी. अल्बम देऊन येतो. आल्यावर नीट करतो." आणि बाईकवर अक्कलकोट रोडला अल्बम पोचवायला गेला.

"ट्रक होता," रफिकभाई म्हणाले. मग उठून त्यांनी जाळीपाशी गेलेलं झाकण उचलून आणलं.

दवाखान्यातून त्याच्या वस्तू दिल्या. घड्याळ फुटलेलं, मोबाईल फुटलेला. शर्टच्या खिशातली पाती मात्र तशीच्या तशी. एकालाही चरा नाही.

"ती पाती तिनं त्याच मशीनला लावली," रफिकभाई म्हणाले. "तीच अजून हायत. आणि कॅलिब्रेशन ती करू देत न्हाय. आल्यावर करतो म्हणून गेलाय ना तो."

पुढं एकदा दुकानाच्या जागेच्या मालकानं फरशी नवी करून द्यायला गवंडी पाठवला, फुकटात. आपांनी त्याला उंबऱ्यातून परत पाठवला. "आमाला सवय हाय, भाऊ. सपाटावर आमचा पाय अडखळतो." गवंडी हसला. रफिकभाई कॅमेऱ्यामागं गेले आणि समोर गिऱ्हाईक नसताना बराच वेळ त्यातून बघत बसले.

मग मला त्या शुक्रवारची भीती वाटायला लागली. भुताखेतावर माझा विश्वास नाही, कॉलेजातही नव्हता आणि वाड्यावरही नव्हता. पण माळावर वारा पडलेला असायचा, बाभळीचं पानही हलायचं नाही, आणि तो ड्रोन डावीकडे निघायचा. आपा त्याला परत आणायच्या. कधी कधी आणायच्या नाहीत. थोडं जाऊ द्यायच्या, आणि ओठ हलायचे. मी कान देऊन ऐकलं नाही. ऐकू आलं तेवढं एवढंच: "कुटं चाललास? बस की जरा."

बरोबर काय होतं ते मला माहीत होतं. कललेलं मशीन उडवू नये. आपांनाही माहीत होतं, माझ्यापेक्षा आधी. मी स्वतःची समजूत घालायची की, इथं माणसं नसतात, माळ मोकळा आहे, कुणाचं काय जातंय.

पावसाळा संपता संपता त्या जुन्या मशीनला अपडेट आला. घेतल्याशिवाय उडणार नाही असं स्क्रीन म्हणू लागली. आपांनी माळावरच मोबाईल जोडून तो घेतला. संपल्यावर पिवळी पट्टी आली: सेन्सर कॅलिब्रेट करा. खाली दोन बटनं. 'सुरू करा' आणि 'नंतर'.

आपांनी 'नंतर' दाबलं.

मी बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

"आपा."

"पाच मिन्टं. नुसता वर करती आणि उतरवती."

ड्रोन वर गेला. या वेळी तो हळूहळू सरकला नाही. आतमध्ये सपाट म्हणून शिकलेलं जुनं शून्य आणि नवा अपडेट यांचं पटलं नसणार. क्षणभर थरथरला आणि डाव्या अंगावर पडल्यासारखा सुटला, खाली येत, थेट. डावीकडे राणी होती. मेंढरामागून पळत येत होती, आमच्याकडे, नेहमीसारखी.

माझ्या तोंडून गावाकडची हाळी निघाली, "आगं ये पोरी, बस खाली! बस!"

पोरगी बसली नाही. उभी राहून वर बघत राहिली. आपांनी दोन्ही अंगठे असे दाबले की रिमोट मोडेल असं वाटलं. ड्रोन तिच्या डोक्यावरून गेला. तिची झिपरी उडाली, डोक्यावरचा फडका उडून बाभळीत अडकला. पलीकडे जाऊन मशीन एका ढेकळावर आपटलं आणि गवतात उलटं पडून भिरभिरत राहिलं.

राणी हसत होती. तिला वाटलं, खेळच आहे. "परत करा की, भाबी! परत!"

आपा खाली बसल्या. कोंडाबाई पळत आली, पोरीला चाचपलं आणि आपांची पाठ चोळायला लागली. "काय न्हाय झालं वो. हासाया लागलीय बघा ती. तुमी कशापायी एवढं घाबरं व्हता?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. आपा तिच्याकडे बघूच शकल्या नाहीत. मी गवतातलं मशीन बंद केलं. एक पातं टोकाला तुटलं होतं. मी ते काढलं आणि आपांच्या समोर धरलं. त्यांनी ते घेतलं, बोटानं तुटलेली कड चाचपली.

"रीत माझी व्हती," एवढंच म्हणाल्या. "आनि खोटं मीच बोलले."

पुढच्या शुक्रवारी मी दुकानात गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. आत रफिकभाईंचं टेबल मोकळं केलेलं, त्यावर लेव्हलपट्टी. आपांनी मखमलीतून ड्रोन काढला. टेबलाकडे नेता नेता थांबल्या, आणि काउंटरपुढं, फरशीवर, खाली ठेवला. त्या जागी. स्वतः त्याच्यापुढं बसल्या. मी आणि रफिकभाई टेबलापाशी उभे होतो. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आत घड्याळसुद्धा नव्हतं. इथं आणखी कुणीतरी उकिडवं बसलेलं आहे असं मला वाटलं, आणि मी नकळत पाय मागं घेतला. कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून.

मग आपांनी ड्रोन उचलला आणि टेबलावर ठेवला.

रफिकभाईंनी पाती काढली, एक नवं आणि बाकीची जुनी. आपांनी हात पुढं केला. त्यांनी ती त्यांच्या हातावर ठेवली. आपांनी शर्टच्या खिशात टाकली, बटन लावलं, वर एकदा हात दाबला.

"तू कर," मला म्हणाल्या. "तू ग्रॅज्युएट."

"नाही आपा," मी म्हणाले. मला ते येत होतं. पण ते माझं काम नव्हतं.

त्यांनी बुडबुडा बघितला. चिपा सरकवल्या. परत बघितला. मग रिकाम्या काउंटरपुढच्या जागेकडे तोंड करून, दुकानात उशिरा येणाऱ्या नोकराला झापावं तशा आवाजात म्हणाल्या, "आल्यावर करतो म्हनला व्हतास. लई उशीर केलास. आता मी करती. मग बोलायचं न्हाय."

आणि 'सुरू करा' दाबलं.

स्क्रीन चित्रं दाखवत होती. सपाट. डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर. आपा मशीन वळवत होत्या, आजारी माणसाची कूस बदलावी तशा. पट्टी भरत गेली. शेवटी मशीननं आपली ती छोटी धून वाजवली. कुणी हललं नाही. मग रफिकभाई म्हणाले, "झालं. आता हललात तरी चालेल."

दुपारी तिघंही माळावर गेलो. रफिकभाई तिथं पहिल्यांदाच आलेले. मेंढरांचा वाडा पुढं गेला होता. चुलीचे दगड काळे होऊन पडले होते, बाभळीत राणीचा फडका तसाच. आपांनी घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, कानातलंसुद्धा काढून माझ्या हातात दिलं. दोन फेरे घेतले, एक आडवा, एक तोंड खाली करून. खिशाचं बटन काढून पाती लावली.

ड्रोन वर गेला आणि थांबला.

आपांचा अंगठा सवयीनं उजवीकडे दाबला गेला. ओढ मोडायला. पण आता ओढ नव्हती, त्यामुळे ड्रोन उजवीकडे गेला. त्यांनी परत आणला. परत अंगठा दाबला गेला. परत तो उजवीकडे. असं तीनदा झालं. मग त्यांनी दोन्ही अंगठे उचलले आणि रिमोट नुसता तळहातांवर धरला.

तो हलला नाही. छताला टांगल्यासारखा उभा. स्क्रीनवर तलाव सपाट होता, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मी डावीकडे बघत होते, मोकळ्या माळाकडे. रफिकभाईही तिकडेच बघत होते.

"हलत न्हाय की," आपा म्हणाल्या.

त्या तशाच मान वर करून उभ्या राहिल्या. रिकाम्या खिशाची झडप वाऱ्यानं उघडझाप करत होती. बॅटरी संपत आल्याची टुकटुक सुरू झाली तरी त्यांनी बटनाला हात लावला नाही. अशा वेळी मशीन आपलं आपण परत येतं, जिथून निघालं तिथं. ते आलं. आमच्या डोक्यावर आलं आणि सावकाश खाली उतरू लागलं.

आपा दोन पावलं बाजूला सरकल्या आणि त्याला जागा करून दिली.